उद्योगी हातांचा इतिहास

आपल्या मराठीत ‘उद्योगी’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. मोठ्या माणसाला उद्योगी म्हटले की ती स्तुती होते. पण लहान मुलाविषयी ‘फार उद्योगी आहे हो’ असे कोणी म्हटले, की ऐकणारी ओळखते, याने घड्याळ उघडले असेल, नाहीतर कणकेच्या डब्यात पाणी ओतले असेल! मोठ्यांचा तो उद्योग आणि मुलांचा तो नसता उद्योग, अशी आपली जुनी समजूत. मूल हातांनी शिकते, त्याच्या उद्योगातच त्याची शाळा आहे, ही गोष्ट जगाला पटायला फार काळ लागला. ती कोणी पटवली, कशी पटवली आणि त्यासाठी कोणी किती सोसले, याची हकिगत भगिनींपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विषय सुचण्याला कारणही तसेच झाले. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत मुलांसाठी एक वर्ग चालवावा, असा विचार आपल्या मंडळाच्या बैठकीत निघाला. कोणी म्हणाल्या हस्तकला घ्या, कोणी म्हणाल्या संगणकाचे ‘कोडिंग’ शिकवा, कोणी म्हणाल्या मुलांना टेकडीवर नेऊन झाडे-पाखरे दाखवा. फी किती ठेवावी यावरही बरेच बोलणे झाले. चिटणीसबाईंनी मला सांगितले, ‘तुम्ही वाचता, तर स्मरणिकेसाठी यावर काही लिहून द्या.’ माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वाचनालयाची पुस्तके गेली वीस वर्षे माझ्या घरी येत आहेत, आणि इंग्रजीतले मुलगी वाचून अर्थ सांगते. त्यातून जे उमगले ते लिहीत आहे. अधिक-उणे भगिनींनी सांभाळून घ्यावे.

या हकिगतीचा आरंभ जर्मनीत होतो. फ्रीड्रिख फ्रोबेल यांचा जन्म १७८२ सालचा. ते नऊ महिन्यांचे असतानाच त्यांची आई वारली. आईवाचून वाढलेल्या या माणसाने पुढे सगळ्या जगाच्या लेकरांसाठी विचार केला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८३७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ब्लांकेनबुर्ग या लहानशा गावी अगदी कोवळ्या मुलांसाठी एक संस्था काढली, आणि १८४० साली तिला नाव दिले ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग. शाळा नव्हे, बाग! तिथे पाटीवर अक्षरे गिरवण्याची घाई नव्हती. मुलांना खेळायला काही वस्तू दिल्या जात. त्यांना फ्रोबेल ‘भेटी’ म्हणत. पहिली भेट लोकरीच्या सहा मऊ चेंडूंची. दुसरी भेट लाकडाची : एक गोळा, एक नळकांडे आणि एक ठोकळा. गोळा कसाही ठेवला तरी घरंगळतो, ठोकळा बसतो तिथे बसून राहतो, आणि नळकांडे उभे केले तर बसते, आडवे केले तर घरंगळते. तीन वर्षांच्या मुलाला हे भाषणाने कसे सांगणार? पण हातात दिले की त्याचे त्याला कळते. तिसऱ्या भेटीत एकच ठोकळा आठ लहान ठोकळ्यांत सुटा होई. मूल तो मोडी आणि पुन्हा जोडी. पूर्ण आणि भाग यांची ओळख अशी खेळता खेळता होई. याशिवाय कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांची वीण, मातीकाम, टोचून काढलेली चित्रे आणि प्रत्येक मुलाला बागेत स्वतःचा वाफा, असा सगळा थाट होता.

आपल्याला वाटेल, यात कोणाचे काय बिघडत होते? पण १८५१ साली प्रशियाच्या सरकारने या बालबागांवर बंदी घातली. त्या धर्माविरुद्ध आहेत, समाज उलथवणाऱ्या आहेत, असा ठपका ठेवण्यात आला. दुसऱ्याच वर्षी, १८५२ मध्ये, फ्रोबेल वारले. बंदी उठली ती १८६० साली. ते पाहायला ते नव्हते. मग काम टिकले कसे? अखेरच्या वर्षांत त्यांनी तरुण स्त्रियांना या कामाचे शिक्षण दिले होते, त्या स्त्रियांनी ते टिकवले. त्यांची व्याख्याने ऐकलेल्या मार्गारेट शुर्झ या बाई नवऱ्याबरोबर अमेरिकेस गेल्या आणि १८५६ साली वॉटरटाउन नावाच्या गावात स्वतःच्या मुलीला व नात्यातल्या चार मुलांना जमवून घरातच त्यांनी बालबाग सुरू केली. घराच्या एका खोलीतून सुरू झालेले काम लहान समजू नये, हा यातला पहिला धडा.

यानंतर पन्नास वर्षांनी हकिगत इटलीत जाते. मारिया माँटेसरी यांचे नाव आपल्या गल्लीतल्या शाळांच्या पाट्यांवरही दिसते, आणि त्या पाट्यांमुळे आपला समज होतो की माँटेसरी म्हणजे पैसेवाल्यांची शाळा. खरी गोष्ट अगदी उलट आहे. माँटेसरीबाई १८७० साली जन्मल्या. १८९६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्या देशात वैद्यकीची पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. रोम शहरात सान लोरेंझो नावाची मजुरांची वस्ती होती. तिथल्या मोठ्या इमारती, म्हणजे आपल्याकडच्या चाळीच म्हणा, दुरुस्त करून भाड्याने दिल्या गेल्या. आईबाप दिवसभर कामावर, आणि मागे राहिलेली लहान मुले जिने घाण करीत, भिंती खराब करीत. ही मुले कोणीतरी सांभाळावी, एवढ्याचसाठी इमारतीच्या चालकांनी बाईंना बोलावले. ६ जानेवारी १९०७ रोजी तिथे ‘मुलांचे घर’ उघडले.

बाईंनी काय केले? मुलांच्या मापाच्या खुर्च्या-टेबले केली. झाडणे, पाणी ओतणे, गुंड्या लावणे ही खरीखुरी कामे मुलांना करू दिली. लाकडाच्या पट्टीत निरनिराळ्या जाडीच्या खुंट्या बसवायचा एक खेळ होता. चुकीची खुंटी चुकीच्या भोकात गेली तर शेवटी एक खुंटी उरतेच, मग बाईंनी ‘चुकलास’ म्हणावे लागत नाही. एक तीनेक वर्षांची मुलगी हा खेळ खेळत बसली असता तिने तो चाळीसहून अधिक वेळा पुन्हा पुन्हा केला. आजूबाजूला मुलांनी गाणी म्हटली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे लक्ष ढळले नाही. आपली मुले एका जागी बसत नाहीत अशी आपली सदाची तक्रार असते. त्यांना हातात धरण्याजोगे खरे काम आपण देतो का, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

माँटेसरीबाई १९३९ साली आपल्याकडे, मद्रासजवळ अड्यार येथे, शिक्षकांना शिकवायला आल्या. तेव्हा महायुद्ध पेटलेलेच होते. त्या इटलीच्या, आणि इटली इंग्रजांची शत्रू झाली. त्यामुळे १९४६ पर्यंत त्यांना इथेच राहावे लागले. त्यातला काही काळ त्या कोडाईकनालच्या डोंगरावर होत्या. त्यांच्यापाशी शिकलेले शिक्षक देशभर पांगले.

पण माँटेसरीबाई येण्याच्या कितीतरी आधी त्यांची पुस्तके गुजरातेत पोचली होती. भावनगरचे गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. घरात मुलगा झाला, त्याला कसे वाढवावे या विचारात त्यांनी माँटेसरी वाचली आणि वकिली सुटली! १९२० साली त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. गोष्टी, गाणी, नाटके, मातीकाम, बाग, फिरणे, असे तिथले शिक्षण. लोक त्यांना प्रेमाने ‘मुछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. या गिजुभाईंच्या कामात १९२३ साली एक मराठी बाई येऊन मिळाल्या. त्या ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या; मोठ्या पगाराची, मानाची नोकरी त्यांना सहज मिळत होती, आणि राजकोटला स्त्रियांच्या अध्यापक विद्यालयात ती मिळालीही होती. ती सोडून त्या भावनगरला तीन-चार वर्षांच्या मुलांत जाऊन बसल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. त्याच्या ‘शिक्षणपत्रिके’तून त्यांनी आईबापांसाठी लिहिले. १९३६ साली मुंबईस दादरला शिशुविहार सुरू झाले. इथपर्यंतचे काम शहरातल्या, पांढरपेशा मुलांचे होते. माँटेसरीची साधने सुबक, पण महाग. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाचे काय, हा प्रश्न ताराबाईंना सोडीना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी मुंबईचा जम बसलेला संसार मागे ठेवला आणि डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले.

त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंची हकिगत वाचताना माझे डोळे पुन्हा पुन्हा भरून आले. १९१० साली मोरगावला जन्म. तेराव्या वर्षी लग्न, आणि वर्ष पुरे व्हायच्या आत वैधव्य. त्या काळच्या अशा मुलीचे आयुष्य कोनाड्यातच संपायचे. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. दिवसा शिकवून रात्रीच्या शाळेत बसून त्यांनी १९३७ साली मॅट्रिकची परीक्षा दिली, आणि पन्नाशी उलटल्यावर १९६१ साली पदवी मिळवली. आपल्यापैकी ज्या भगिनींना ‘आता या वयात काय शिकायचे’ असे वाटते, त्यांनी हे दोन आकडे देवघरात लिहून ठेवावेत.

बोर्डीला बालवाडी तर उघडली, पण मुले येईनात. उपेक्षित वस्तीतल्या आयांना वेळ नव्हता, आणि शाळा ही आपल्यासाठी असते यावर विश्वासही नव्हता. तेव्हा या बायांनी वाट पाहत न बसता बालवाडीच उचलून वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांना न्हाऊ-माखू घालायचे, केस विंचरायचे, आणि तिथेच गाणी-गोष्टी-खेळ सुरू करायचे. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आज आपण हा शब्द रोज वापरतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना देशभर हेच नाव पडले. पण त्या नावामागे बोर्डीच्या अंगणात हाताने मुलांचे नाक पुसणाऱ्या दोन बाया आहेत, हे आपल्याला क्वचितच आठवते.

साधने कोणती? विकत आणायला पैसा नव्हता, आणि आणले असते तरी ती त्या मुलांना परकी वाटली असती. मग शंख-शिंपले, गोटे, बिया, पाने, फुले, काटक्या, माती, हीच साधने झाली. लहान-मोठे लावायचे तर गोटे. रंग ओळखायचे तर पाने-फुले. मोजायचे तर चिंचोके. माँटेसरीचे तत्त्व घेतले आणि तिची किमती पेटी बाजूला ठेवली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे. नवी कल्पना परदेशातून येते, तेव्हा तिचा नुसता डबा आणायचा की आतला पदार्थ आपल्या चुलीवर शिजवायचा, हे ठरवावे लागते. या दोघींनी आपल्या चुलीवर शिजवला.

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली समाजाची मुले. शाळेच्या वेळी ती रानात गुरांमागे. मुलगे गुरे राखत, मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन असत. शाळा म्हणते मुले येत नाहीत. आणि मुले म्हणतात आम्ही येऊ कसे? तेव्हा गुरुजीच मुलांमागे कुरणात जाऊ लागले. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली जमली आहेत, आणि पाने, किडे, दगड, पाखरे हाच धडा. तिला नाव पडले कुरणशाळा. आज ज्याला आपण निसर्गाच्या सान्निध्यातले शिक्षण म्हणून मोठ्या कौतुकाने बोलतो, ते तिथे गरजेतून आले होते. आणि मुलींसाठी त्यांनी काय केले पाहा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. तिला विकासवाडी म्हणत. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, आणि मोठी बहीण मोकळ्या हातांनी शाळेत. कडेवरचे मूल खाली उतरल्यावाचून त्या मुलीच्या हातात पाटी येणार नाही, हे त्यांनी ओळखले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत काम करीत राहिल्या.

याच काळात गांधीजींनीही हातांच्या शिक्षणाचा आग्रह धरला होता. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी नई तालीम मांडली. तकलीवर सूत कातता कातता तारा मोजायच्या, त्यातून गणित. कापूस कुठून येतो यातून भूगोल. पुढे ती योजना बहुतेक ठिकाणी मागे पडली, पण बी जमिनीत राहिले.

ते उगवले विज्ञानाच्या वर्गात. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याचे नाव आता नर्मदापुरम आहे, १९७२ साली रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी सोळा सरकारी शाळांत एक प्रयोग सुरू केला. सहावी ते आठवीच्या मुलांनी विज्ञान पाठ करायचे नाही, करून पाहायचे. चार-चार मुलांच्या टोळ्या, त्यांच्यापुढे साधे सामान, आणि पुस्तकात उत्तरे नाहीत, फक्त ‘हे करून पाहा, काय दिसले ते लिहा’. मुले शेतावर जात, पाने गोळा करून त्यांचे गट लावीत, पिकावरची कीड पाहत. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा! कारण विचारायचे ते पाठांतर नव्हतेच. पुढे संपूर्ण जिल्ह्यात आणि मग इतर जिल्ह्यांतही हे काम पसरले. १९८२ साली ‘एकलव्य’ संस्था निघाली आणि तिने ते पुढे नेले. सुमारे तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला. फ्रोबेलच्या बागेवर बंदी आली त्याला दीडशे वर्षे झाली होती. मुलांनी प्रश्न विचारायला शिकावे ही गोष्ट सोयीची नसते, हेच यावरून दिसते.

या होशंगाबादला १९७८ साली पुण्याच्या एका मोठ्या कारखान्यातला तरुण इंजिनियर वर्षभराची रजा काढून गेला. ते अरविंद गुप्ता. तिथल्या बाजारात हिंडताना त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हला बसवतात ती बारीक रबरी नळी घेतली, आणि आगपेटीच्या काड्या तिच्या तुकड्यांत खोचून पाहिल्या. झाले खेळणे! तीन काड्यांचा त्रिकोण करा. कितीही दाबा, तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा. बोट लावताच तो कलंडतो. त्यात एक काडी तिरपी घाला, की पुन्हा घट्ट. आपल्या जुन्या घरांच्या छपराला सुतार लाकडी कैची त्रिकोणीच का करतो, हे मला या काड्यांनी समजले. इतकी वर्षे त्या छपराखाली राहून ते समजले नव्हते. गुप्ता पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे मुलांसाठी टाकाऊतून खेळणी करीत होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता राहिले कोडिंग. हा शब्द ऐकला की आपल्यापैकी पुष्कळजणी दबून जातात. वाटते, हे आपल्या आवाक्याबाहेरचे. परंतु याही इतिहासाचा धागा आपल्याच हातांतून गेला आहे, आणि धागा हा शब्द मी उगाच वापरीत नाही. फ्रान्समध्ये जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास एक माग तयार केला. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडायची. भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. पट्ट्या बदलल्या की साडीवरची वेलबुट्टी बदलते. साड्यांच्या मागांवर जॅकार्ड आजही दिसते. भोक आहे की नाही, हो की नाही, एवढ्या दोनच शब्दांत सगळी नक्षी लिहिली गेली. इंग्लंडात बॅबेज यांनी आकडेमोडीच्या यंत्राची कल्पना काढली, तेव्हा या भोकांच्या पट्ट्याच त्यांना सुचल्या. त्या यंत्राविषयी १८४३ साली आडा लव्हलेस या बाईंनी जे टिपण लिहिले, त्यात यंत्राने पायरीपायरीने काय करावे याचा आराखडा दिला होता. मागावर पाने-फुले विणतात तसे हे यंत्र गणित विणील, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांना जगातील पहिली प्रोग्रामर म्हणून पुष्कळजण मान देतात.

आणि आपली रांगोळी? तमिळ बायका दारात कोलम काढतात, ती आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीची बहीणच. मद्रासच्या गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन या गणित-संगणकाच्या अभ्यासकांनी १९७४ साली कोलमवर शोधनिबंध लिहिला. थोड्याशा नियमांतून लहान कोलमवरून मोठा कोलम कसा वाढत जातो, ते त्यांनी संगणकाच्या भाषेत मांडले. म्हणजे जे ज्ञान आपण उंबऱ्याबाहेर रोज काढून पायांखाली जाऊ देतो, त्यावर विद्वान निबंध लिहितात! स्वेटरची वीण सांगताना आपण ‘दोन सुलट, दोन उलट, ओळ संपेपर्यंत’ म्हणतो, तेही कोडिंगच आहे. ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या क्रमाने, किती वेळा करायचे ते सांगणे, याहून ते मुळात निराळे नाही.

मुलांसाठी संगणकाची पहिली भाषा १९६७ साली अमेरिकेत तयार झाली. तिचे नाव लोगो. सीमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती केली. पॅपर्ट आधी जिनीव्हाला बालमनाचे मोठे अभ्यासक पियाजे यांच्याजवळ काही वर्षे होते; मूल स्वतः रचत रचत शिकते, हे त्यांनी तिथे घेतले. लोगोत पुढे एक कासव आले. त्याला मुलाने हुकूम द्यायचा : १०० पावले पुढे जा, ९० अंश उजवीकडे वळ, हे चार वेळा कर. कासवाच्या मागे रेघ उमटते आणि चौकोन तयार होतो. मुलाला उत्तर सुचले नाही तर पॅपर्ट म्हणत, तूच कासव हो आणि चालून पाहा. याला संगणक लागतच नाही. अंगणात खडूने हे करता येते. आमच्या आवारातल्या मुलांना मी त्रिकोण काढायला सांगितला. त्यांनी कासवाला ६० अंश वळवले, आणि आकृती तोंड मिटेना! बराच वेळ भांडून, चालून, पुन्हा पुन्हा वळून अखेर एका मुलीने शोधले की १२० वळावे लागते. चौकोनाला चार वेळा ९०, त्रिकोणाला तीन वेळा १२०, सहा कोनांना सहा वेळा ६०. बेरीज दर वेळी ३६०, म्हणजे एक पुरी गिरकी. तिच्या तोंडावरचा आनंद कोणत्याही बक्षिसाने आला नसता.

पॅपर्ट यांच्याच परंपरेतले मिचेल रेझ्निक यांनी २००७ साली ‘स्क्रॅच’ काढले. त्यात मुले रंगीत ठोकळे एकात एक बसवून गोष्टी आणि खेळ तयार करतात. जुळणारा ठोकळाच बसतो. आणि त्यांच्या गटाचे नाव काय, तर ‘आयुष्यभराची बालवाडी’ अशा अर्थाचे! १८३७ साली फ्रोबेलने मुलांच्या हातात जो लाकडी ठोकळा दिला, तोच पावणेदोनशे वर्षांनी संगणकाच्या पडद्यावर आला.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून कोडिंगची ओळख आणि सहावी ते आठवीच्या वर्षांत दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकणे सांगितले आहे. ठीक आहे. परंतु त्याच सुमारास घरोघरी जाहिराती आल्या, की सहाव्या वर्षी कोडिंग शिकवले नाही तर तुमचे मूल मागे पडेल. आमच्या शेजारणीने अशा एका वर्गाला हप्त्याने पैसे भरले. मुलगा पडद्यावर दाखवतील ते बटण दाबतो आणि प्रमाणपत्र मिळवतो. कासव का वळले हे त्याला ठाऊक नाही. शाळेचे विज्ञानाचे प्रकल्पही आता दुकानात तयार विकत मिळतात, नाहीतर आई रात्री जागून चिकटवते आणि बक्षीस मुलाला. हात आईचे चालले, तर शिकली आईच.

भगिनींनो, इतिहास पाहिला तर एक गोष्ट उठून दिसते. माँटेसरीबाई मजुरांच्या चाळीत गेल्या, अनुताई-ताराबाई उपेक्षितांच्या अंगणात आणि कुरणात, होशंगाबादचे लोक सरकारी शाळांत. हे शिक्षण पैसेवाल्यांच्या दारी जन्मले नाही. ते गरिबाच्या मुलासाठी सिद्ध झाले आणि मग श्रीमंताने फी देऊन उचलले. म्हणून आपल्या वर्गाला फी असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या घरी धुणी-भांडी करणाऱ्या मावशींची मुले त्या वेळी जिन्यात बसून राहतात. वर्ग त्यांच्यावाचून भरला, तर तो कितीही शोभिवंत झाला तरी अपुराच. आणि त्यांतल्या मोठ्या मुली भावंडाला कडेवर घेऊन येतील, तेव्हा दाराशी ‘लहानांना आणू नका’ असे आपण म्हणू नये. विकासवाडीप्रमाणे एक सतरंजी लहानग्यांसाठी टाकावी. आपल्यातल्या दोन आजी तिथे बसायला आनंदाने तयार होतील.

खर्च म्हणाल तर फार नाही. चिंचोके, गोटे, जुनी वर्तमानपत्रे, खडू, आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या दुकानातून थोडी रबरी नळी. ज्या भगिनीला विणकाम येते तिने विणकाम, जिला रांगोळी येते तिने ठिपके, जिच्या हाताला बाग येते तिने वाफे शिकवावेत. सुटी मे महिन्यात आहे, हेही बरे. आपल्या महाराष्ट्रात मे महिन्यात एके दिवशी भर दुपारी, साडेबाराच्या सुमारास, सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दक्षिणेकडच्या गावी हा दिवस आधी येतो, उत्तरेकडच्या गावी नंतर. मुंबईस साधारण महिन्याच्या मध्यास. अंगणात एक काठी रोवून रोज दुपारी सर्वांत लहान झालेल्या सावलीच्या टोकाशी खूण करीत गेले, तर मुलांना तो दिवस स्वतः गाठता येईल. दुर्बीण नको, तिकीट नको. संगणक अखेरच्या आठवड्यात आणावा. तोवर कासव होऊन चाललेल्या मुलांना तो जड जाणार नाही.

एक नियम मात्र आपण मोठ्यांनी पाळायचा. मुलाचे काम वाकडे दिसले तरी आपण हात लावून सरळ करायचे नाही. आपल्या मंडळाचा हा वर्धापनदिन साजरा होत असताना, पुढच्या वर्षीच्या अहवालात ‘इतक्या वस्तू प्रदर्शनात मांडल्या’ यापेक्षा ‘जिन्यात बसणारी मुले वर्गात बसली’ असे एक वाक्य लिहिता यावे, एवढीच इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करते.